देव्हारा आणि देव्हारे : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील मूर्तिपूजेची ओळख

१

साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कृष्णा व तारळी यांच्या संगमालगत वसलेले उंब्रज हे गाव समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एका मारुतीमुळे प्रसिद्ध आहे. त्याची स्थापना परंपरेने शके १५७१, म्हणजे इ. स. १६४९ मधील मानली जाते. मूर्ती चुना, वाळू व ताग यांची घडविलेली असल्याचे सांगतात. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती वादग्रंथ वाचू लागले म्हणजे ‘मूर्तिपूजा’ या शब्दासरशी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते अशाच एखाद्या शेंदरचर्चित मूर्तीचे असते. दोष तेथे आहे, त्या देवळात आहे, त्या मूर्तीपुढे वाकणाऱ्या माणसात आहे, अशी या वाङ्मयाची सर्वसाधारण धारणा दिसते. ज्याने ते देऊळ सोडले तो मूर्तिपूजेपासून सुटला, हे त्या धारणेत गृहीत धरलेले असते.

हे गृहीत बायबलच्या स्वतःच्या साक्षीशी जुळत नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल लोभालाच मूर्तिपूजा ठरवितो. यहेज्केलाच्या चौदाव्या अध्यायात इस्राएलाच्या वडील मंडळींनी मूर्ती आपल्या अंतःकरणात स्थापिल्याचा ठपका आहे. योहानाचे पहिले पत्र संपते ते मूर्तींपासून सावध राहण्याच्या इशाऱ्याने. आणि ते पत्र ज्यांना लिहिले ते ख्रिस्ती होऊन चुकलेले लोक होते. तात्पर्य, मूर्तिपूजा हा धर्मांतराने आपोआप निकालात निघणारा प्रश्न नसून धर्मांतरानंतरही उरणारा प्रश्न आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला ही जाणीव केव्हा व कोणत्या मार्गाने झाली, आणि आजच्या ख्रिस्ती जीवनातील मूर्ती ओळखण्याची कोणती कसोटी त्या वाङ्मयातून हाती लागते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. कारण या प्रश्नातील पुष्कळसा घोटाळा शब्दापासून सुरू होतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘ऐडोलोन’ हा आहे. त्याचा जुना अर्थ छाया, आभास, सत्य नसून सत्यासारखे भासणारे रूप असा आहे. होमरच्या काव्यात मृतांच्या छायांना हाच शब्द लावलेला आढळतो. हिब्रू संदेष्टे मूर्तींसाठी जे शब्द योजतात त्यांपैकी ‘एलीलीम’ या शब्दात पोकळपणाची, ‘हेबेल’ या शब्दात वाफेची वा श्वासाची सूचना आहे. म्हणजे मूळ भाषांत निषेधाचा रोख आकारावर जितका आहे तितकाच, किंबहुना अधिक, फसवणुकीवर आहे. जे काही नाही ते सर्व काही असल्यासारखे मिरवते, हा तेथील दोष होय.

मराठीत या शब्दासाठी ‘मूर्ती’ हा शब्द रूढ झाला. संस्कृतातील ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ घट्ट होणे, आकार घेणे असा आहे. मराठीत मूर्ती हा शब्द निंदाव्यंजक नाही. ‘मूर्तिमंत त्याग’ म्हटले की स्तुती होते. एखाद्या वृद्धाला ‘प्रसन्न मूर्ती’ म्हणण्यात आदर असतो. आभासाला अनुलक्षून असलेला शब्द अशा रीतीने साकारतेला अनुलक्षून असलेल्या शब्दात उतरला. याचा परिणाम दुहेरी झाला. हिंदू वाचकाला निषेध आपल्या डोळ्यांपुढील पाषाणापुरता वाटला व तो दुखावला. ख्रिस्ती वाचकाला तो निषेध आपल्याविषयी नाहीच असे वाटले व तो निर्धास्त झाला. लोभाला मूर्तिपूजा म्हणणारे पौलाचे वचन मराठीत एक दूरान्वयाचे रूपक होऊन बसले. मूळात ते जवळजवळ शब्दशः सत्य आहे. विशेष हे की, त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात ख्रिस्ताला अदृश्य देवाची ‘ऐकोन’ म्हणजे प्रतिमा म्हटले आहे, आणि मराठी भाषांतरकारांनी तेथे ‘प्रतिरूप’ हा शब्द योजिला आहे. म्हणजे साकार होणे हाच दोष असता तर ख्रिस्ती श्रद्धेचा पायाच ढासळला असता, हे भाषांतरकारांना नकळत का होईना मान्य होते.

मराठी भाषेला या दोषाचे नाव ठाऊक नव्हते असे मात्र नाही. ‘देव्हारा’ ही घरातील देवाची जागा. तो शब्द पवित्र आहे. परंतु ‘देव्हारे माजविणे’ हा वाक्प्रचार उपहासाचा आहे. पैशाचे, पदाचे, परंपरेचे, एखाद्या पुढाऱ्याचे देव्हारे माजविले असे म्हटले जाते, तेव्हा जे देव नाही त्याला देवाचे स्थान दिले, असा अर्थ कोणत्याही मराठी माणसाला सांगावा लागत नाही. ‘स्तोम माजविणे’ यातही मूळचा स्तोत्रवाचक शब्द असाच उलटला आहे. धर्मनिष्ठ भाषेनेच धर्मातील अतिरेकासाठी हे शब्द घडविले. पौलाचा आशय मराठीत व्यक्त करण्यास ‘मूर्तिपूजा’ या शब्दापेक्षा हा वाक्प्रचार अधिक समर्थ आहे. आणि पुढे पाहू त्याप्रमाणे, मराठी ख्रिस्ती लेखकांतील श्रेष्ठांनी हा शब्द वापरला नसला तरी त्यातील अर्थ आपल्या जीवनाने व लेखनाने स्पष्ट केला.

३

मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ गोव्यात झाला तो देवळे पडल्यानंतर. साष्टी प्रांतातील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघाले. पुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण विचारतो की, जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, तर त्यांच्या जागी आम्ही वाचावे तरी काय? या प्रश्नात केवढा तरी अर्थ आहे. मूर्ती हलविल्याने जी पोकळी झाली ती लेखकाने ओळखली आणि ओवी, पुराणशैली, वैकुंठासारखी नावे यांचा निःसंकोच स्वीकार केला. आकार व मूर्ती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे स्टीफन्स यांना कवी या नात्याने उमगले होते. तथापि, ख्रिस्तपुराणातही मूर्तिपूजा ही मागे टाकून आलेली, दुसऱ्यांची गोष्ट आहे. नव्या समाजात नवी दैवते उभी राहतील, हा विचार तेथे प्रमुख नाही. गोव्याच्या पुढील इतिहासाने मात्र तो विचार अटळ केला. अनेक गावांत चर्चच्या सणांचे मानपान विशिष्ट जातींच्या बंधुसंघांकडे राहिले आणि त्या मानासाठी पिढ्यान्पिढ्या तंटे चालले. देवळातील देव गेला. देवळाच्या पायरीवरची उतरंड मात्र चर्चच्या पायरीवर येऊन बसली.

मुंबई इलाख्यातील वादाचे स्वरूप निराळे होते. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांच्यातील वादातून विल्सन यांचे हिंदू धर्माच्या खंडनाचे पुस्तक १८३२ मध्ये निघाले, आणि १८३४ मध्ये साताऱ्याच्या नारायणरावांना उत्तर म्हणून त्यांनी दुसरे पुस्तक लिहिले. म्हणजे उंब्रज ज्या मुलखात मोडते त्या साताऱ्याचा या वादाशी आरंभापासून संबंध आहे. पूजा पाषाणाची नसून त्यात आवाहन केलेल्या देवाची आहे. मूर्ती हे चित्त स्थिर करण्याचे साधन आहे, हा मूर्तिपूजेच्या समर्थकांचा नेहमीचा युक्तिवाद. साधनच साध्य होऊन बसते, हे खंडनकर्त्यांचे उत्तर. या उत्तरात तथ्य होते. पण वादाच्या रचनेमुळे ते अर्धेच राहिले. वादी व प्रतिवादी अशी मांडणी झाली की वादीला स्वतःची झडती द्यावी लागत नाही. साधन साध्य होऊन बसण्याचा धोका मिशनच्या कंपौंडात, शाळेत, छापखान्यात, पगारपत्रकात आहे काय, हा प्रश्न त्या वादग्रंथांत उपस्थितच होऊ शकत नव्हता. तो उपस्थित होण्यासाठी देशी ख्रिस्ती माणसाने आतून बोलणे आवश्यक होते.

४

असे आतून बोलणारे पहिले महत्त्वाचे लेखक म्हणजे बाबा पदमनजी. १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १८८४ च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या पूर्वायुष्यातील देवधर्माचे बारकाईने वर्णन केले. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने त्यांची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी अधिक मोलाची आहे. यमुना व विनायकराव यांना प्रवासात ज्या विधवा भेटतात त्यांच्या दुःखाचे कारण कोणतीही पाषाणमूर्ती नाही. त्यांचे केशवपन, उपवास, कोंडमारा हे सारे मागणारी शक्ती म्हणजे रूढी. रूढीला देऊळ नाही, पुजारी सर्वच आहेत, आणि तिला नैवेद्य लागतो तो माणसांचा. कादंबरीच्या उपदेशप्रधान रचनेमुळे कलादृष्ट्या ती उणी ठरते. प्रसंग एका साच्याचे होतात आणि पात्रे उपदेशाच्या ओझ्याखाली दबतात. तथापि, मूर्तीची एक निश्चित खूण तिने दाखवून दिली : जी गोष्ट दुर्बळांचा बळी मागते आणि तो मागण्याचे कारण सांगण्यास बांधलेली नसते, ती गोष्ट देवाच्या आसनावर बसलेली आहे, असे समजावे.

हीच खूण अधिक सूक्ष्मपणे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त येते. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे वाङ्मयीन श्रेष्ठत्व सर्वमान्य आहे. त्याच्या धार्मिक अंतरंगाचा विचार त्या मानाने थोडा झाला. लक्ष्मीबाईंच्या कथनात श्रद्धापालटाचा निर्णायक क्षण देवघरातील देवांशी निगडित नाही, तो सोवळ्याशी निगडित आहे. ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवले. पुढे, जात देवाने निर्माण केली की माणसाने, या विचाराने त्यांना ग्रासले आणि ती माणसाचीच करणी आहे या निष्कर्षाप्रत आल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. १९०० मधील बाप्तिस्मा हा त्या आंतरिक घटनेनंतरचा आहे. लक्ष्मीबाईंनी काय मोडले? पितळेचा देव नव्हे. शुद्धतेची, म्हणजे स्वतःच्या वेगळेपणाची, जोपासलेली कल्पना. आणि त्यांच्या निवेदनातील विनोद येथे विशेष अर्थपूर्ण होतो. जे आजवर भयप्रद होते त्याकडे त्या हसून पाहू शकतात, आपल्याच सोवळ्याची फजिती सांगू शकतात. ज्या गोष्टीवर हसता येत नाही तिचे देव्हारे माजलेले असण्याचा संभव असतो, ही कसोटी कोणत्याही वादग्रंथात सापडत नाही. ती या गृहिणीच्या गद्यात सहजगत्या मिळते.

५

पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न आणखी एका अवघड स्थळी नेला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तेथील भगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात क्रुसावरील लॅटिन शब्दांचा विषय निघाला. ते शब्द लॅटिनऐवजी संस्कृतात का असू नयेत, असा रमाबाईंचा सवाल होता. वरवर पाहता बाब लहान आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार दूरगामी आहे. लॅटिन ही एक भाषा आहे, देवाची भाषा नव्हे. ती न समजणाऱ्याच्या गळ्यात तिची अक्षरे पावित्र्याची खूण म्हणून घालणे, हे चिन्हाला सत्याच्या जागी बसविणे होय. चर्चच्या अधिकारापुढे विवेक गहाण टाकण्यास त्यांनी दिलेला नकारही याच विचारातून आलेला आहे. एका धर्मसत्तेचे जू झुगारून आलेल्या स्त्रीने दुसऱ्या धर्मसत्तेला केवळ ती ख्रिस्ती आहे म्हणून निर्विवाद मानावे, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते.

मात्र रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील बायबल-भाषांतराकडे पाहिले असता एक पेच दिसतो. १९२२ मध्ये त्यांच्या निधनापूर्वी थोड्याच काळ आधी पुरे झालेले हे भाषांतर सामान्य स्त्रियांना समजावे या हेतूने साध्या मराठीत केले गेले, आणि हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले संस्कृत शब्द त्यातून कटाक्षाने वगळण्याचा प्रयत्न झाला. हेतू प्रामाणिक होता. परंतु शब्दांतच मूर्ती दडलेली आहे अशा भीतीने शब्द गाळू लागले की भाषेची शुद्धता हेच एक नवे सोवळे होण्याचा धोका असतो. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या तरुण विदुषीने वृद्धपणी संस्कृत शब्दांची अशी छाननी करावी, यात केवळ विसंगती पाहणे अन्यायाचे होईल. मूर्ती ओळखण्याचे कार्य किती सावधपणे करावे लागते आणि भंजनाचा आवेश स्वतःच कसा आंधळा होऊ शकतो, याचा तो बोधप्रद पुरावा आहे.

६

या सर्व धाग्यांची गाठ पडते ती साताऱ्यात, १९१७ मध्ये. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, १९०४ मध्ये त्यांना पाळकीय दीक्षा मिळाली, आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. ‘ज्ञानोदय’चे संपादन, शेकडो भजने, कवी म्हणून सर्व महाराष्ट्रात मान्यता, असे सर्व स्थिर झालेले असताना त्यांनी १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शिष्यांचा तो बंधुसंघ व्हावयाचा होता. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले, म्हणजे या प्रयोगाला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत.

टिळकांच्या या कृतीकडे सामान्यतः राष्ट्रीय वृत्तीचा आविष्कार म्हणून किंवा भक्तिसंप्रदायाकडे परतणे म्हणून पाहिले जाते. दोन्ही दृष्टींत सत्यांश आहे. परंतु मूर्तिपूजेच्या प्रश्नाच्या संदर्भात तिचा अर्थ अधिक नेमका होतो. टिळकांनी त्यागिलेल्या गोष्टींपैकी एकही वाईट नव्हती. वेतनाने कुटुंब चालत होते. मिशनच्या संस्था दुष्काळात, रोगराईत, शिक्षणात उपकारक ठरल्या होत्या. बाप्तिस्मा हा तर साक्षात संस्कार. टिळकांनी यांपैकी कशालाही पाप म्हटले नाही. त्यांचा आक्षेप एवढाच की या चांगल्या गोष्टी ख्रिस्त व मराठी माणूस यांच्यामध्ये उभ्या राहिल्या आहेत. पगार घेणारा उपदेशक बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला पगार ऐकू येतो. परदेशी वेष, परदेशी संघटना, पंथांची नावे यांच्या आड ख्रिस्त दिसेनासा होतो. मध्यस्थ वस्तू जेव्हा झरोका न राहता भिंत होते, तेव्हा ती कितीही पवित्र असली तरी बाजूला सारावी लागते.

याला बायबलात अचूक पूर्वपीठिका आहे. गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात मोशे देवाच्या आज्ञेने पितळी सर्प उभारतो व सर्पदंश झालेले लोक त्याकडे पाहून वाचतात. काही शतकांनंतर, दुसऱ्या राजांच्या अठराव्या अध्यायात, हिज्कीया राजा तोच सर्प फोडतो. कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. वस्तू तीच, उगम दैवी, उपकार खरा. तरीही ती फोडावी लागली. सोन्याच्या वासराच्या कथेतही अहरोन परमेश्वराच्याच नावाने सण पुकारतो, आणि वासरू घडते ते लोकांच्या स्वतःच्या दागिन्यांचे. धार्मिक माणसाची मूर्ती देवाचे नाव टाकून देत नाही. ते नाव घेऊनच ती उभी राहते. टिळकांचा वेतनत्याग म्हणजे एका व्यक्तीने आपल्यापुरता फोडलेला पितळी सर्प होय.

येथे टिळकांच्या प्रयोगाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. दरबार टिळकांच्या मागे फार काळ टिकला नाही. त्याचे एक कारण अल्प अवधी हे आहेच. परंतु दुसरे कारण त्याच्या रचनेत आहे. संघटनेचे जडत्व टाळण्यासाठी जो संघ एका प्रतिभावान व्यक्तीभोवती जमतो, त्यात ती व्यक्तीच केंद्र होण्याचा धोका असतो. गुरुभक्तीच्या मराठी परंपरेत हा धोका अधिकच संभवनीय आहे. संस्था टाळावी तर व्यक्ती, व्यक्ती टाळावी तर संस्था, या दोहोंच्या मध्ये ख्रिस्ती समाजाची कायमची ओढाताण आहे, आणि टिळकांच्या त्यागाने ती संपली असे म्हणता येणार नाही.

७

वरील विवेचनातून मूर्ती ओळखण्याच्या तीन खुणा हाती येतात. साधन साध्याच्या जागी बसले काय, ही पहिली. त्या गोष्टीपायी दुर्बळांचा बळी जातो काय, ही दुसरी. आणि तिला हात लावताच, तिच्याविषयी प्रश्न विचारताच, माणसाचा विवेक जागा होण्याऐवजी क्रोध जागा होतो काय, ही तिसरी. आजच्या ख्रिस्ती जीवनाला या खुणा लावून पाहता कोणते चित्र दिसते?

सर्वांत आधी मालमत्तेचा प्रश्न येतो. मिशन गेल्या, जमिनी, बंगले, शाळा, रुग्णालये राहिली. १८९४ मध्ये मिरजेला सुरू झालेल्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या रुग्णालयासारख्या संस्थांनी दक्षिण महाराष्ट्रात केलेली सेवा निर्विवाद आहे. रोग्याला बरे करणारा पितळी सर्प हे त्यांचे यथार्थ प्रतीक ठरेल. परंतु उपकाराची आठवण हीच संस्थेच्या अस्तित्वाचे समर्थन होऊन बसली की त्या प्रतीकाचा दुसरा अर्धा भाग लागू होतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंघांच्या ऐक्यातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. ऐक्य हे ख्रिस्ताच्या प्रार्थनेचे फळ मानले गेले. पण त्या ऐक्यात कोण सामील झाले आणि मालमत्ता कोणाची, यावरून गुजरातमधील ब्रदरेन चर्चसंबंधीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २००५ मध्ये त्यावर निर्णय झाला. निर्णयाच्या बाजूंशी येथे कर्तव्य नाही. ज्या समाजाने देवस्थानांच्या इनामांवर टीका केली त्याला आपल्या इनामांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात उभे राहावे लागते, ही घटना विचार करण्यासारखी आहे. यिर्मयाच्या सातव्या अध्यायात मंदिराच्या नावाचा जप करून निर्धास्त होणाऱ्या लोकांना संदेष्टा जे बजावतो ते येथे आठवते : मंदिर असणे म्हणजे देव असणे नव्हे.

जातीविषयी विस्ताराची गरज नाही. लक्ष्मीबाईंनी जी मूर्ती एका निश्चयाने मोडली ती समाजाने मोडली काय, याचे उत्तर ख्रिस्ती कुटुंबांतील विवाहसंबंध पाहिले म्हणजे मिळते. येथे तिसरी खूण विशेष लागू पडते; कारण या विषयाला हात घालताच जी अस्वस्थता दिसते ती अन्य कोणत्याही विषयाने दिसत नाही.

अलीकडच्या काळात आणखी दोन दैवते पुढे आली आहेत. आरोग्य व समृद्धी यांचे आश्वासन देणाऱ्या उपदेशात देव हाच माणसाच्या यशाचे साधन होतो; साध्यसाधनांची उलटापालट याहून पूर्ण होऊ शकत नाही. नवस फेडण्याच्या वृत्तीवर ज्या परंपरेने टीका केली तिच्याच मंडपात नवसाचे गणित नव्या शब्दांत मांडले जाते. आणि रोग बरा झाला नाही तर दोष रोग्याच्या अल्पविश्वासावर टाकला जातो, म्हणजे दुर्बळाचा बळीही येथे ठरलेला असतो. दुसरे दैवत म्हणजे उपदेशकाचे व्यक्तिमत्त्व. भव्य फलक, पडद्यावरील मुद्रा, त्याच्या शब्दाला शंकेची मनाई. देव्हारे माजविण्याचे सर्व उपचार येथे यथासांग पार पडतात.

राष्ट्र हेही असेच दैवत होऊ शकते, याचा धडा युरोपने दिला. १९३४ मध्ये बार्मेन येथील घोषणापत्रात जर्मन ख्रिस्ती मंडळींपैकी काहींनी, ख्रिस्ताच्या शब्दाखेरीज अन्य कोणत्याही सत्तेला किंवा ऐतिहासिक घटनेला देवाच्या प्रकटीकरणाचे स्थान देण्यास नकार दिला. विशेष म्हणजे तो नकार परधर्मीयांना उद्देशून नव्हता; तो ज्या ख्रिस्ती लोकांनी राष्ट्राला वेदीवर बसविले त्यांना होता. लूथरने १५२९ च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत, माणसाचे मन ज्यावर विसंबते तोच त्याचा देव, अशा आशयाचा विचार मांडला होता; पॉल टिलिख यांनी १९५७ मध्ये मर्यादित गोष्टीला अंतिम आस्थेचे स्थान देणे म्हणजे मूर्तिपूजा, अशी त्याची तात्त्विक मांडणी केली. रमाबाई, लक्ष्मीबाई व टिळक यांनी जे अनुभवाने ओळखले त्याला या विचारवंतांच्या मांडणीत आधार सापडतो, एवढेच येथे नमूद करणे पुरे.

८

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मूर्तिपूजेची व्याख्या अशी ताणली तर पैसा, कुटुंब, राष्ट्र, ग्रंथ, संस्था सारेच मूर्ती ठरेल, आणि ज्या शब्दात सर्व काही येते त्यातून काहीच कळत नाही. आक्षेप महत्त्वाचा आहे. त्याला उत्तर असे की, मूर्तीपण वस्तूत नसून वस्तू व माणूस यांच्या संबंधात असते. मिशनचा पगार घेणारा प्रत्येक पाळक मूर्तिपूजक ठरत नाही, आणि त्याग करणारा प्रत्येक संन्यासी मूर्तिभंजक ठरत नाही. त्यागाचेही देव्हारे माजू शकतात. म्हणूनच सरसकट यादी करण्याऐवजी खुणा निश्चित करणे आणि त्या प्रथम स्वतःला लावणे हेच योग्य ठरते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आपल्या दोषाला नाव देण्यासाठी दुसऱ्याच्या उपासनेचे नाव घेणे उचित आहे काय? ख्रिस्ती माणूस आपल्या लोभाला मूर्तिपूजा म्हणतो तेव्हा, नम्रतेच्या सुरात का होईना, उंब्रजच्या मारुतीपुढे हात जोडणाऱ्या शेतकऱ्याला तो पापाचा नमुना ठरवीत असतो. येथे दासबोधाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. ज्या रामदासांनी गावोगाव मारुती स्थापिले त्यांनीच अकराव्या दशकातील ‘चत्वार देव निरूपण’ या समासात प्रतिमा, अवतार, अंतरात्मा व निर्विकार परब्रह्म अशा चार पायऱ्या सांगितल्या आणि पहिल्या पायरीवरच थांबू नये असे सुचविले. मूर्ती स्थापणारा पुरुषच तिच्या मर्यादा सांगतो. प्रतिमेला साधन समजून तिच्या पलीकडे पाहण्याचा विवेक त्या देवळाच्या परंपरेतही आहे. ख्रिस्ती व वैष्णव यांचे सिद्धांत येथे एक होतात असा याचा अर्थ नाही. निर्विकार ब्रह्म व मनुष्यरूप धारण केलेला ख्रिस्त यांतील भेद मूलभूत आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील वादाने शेतकऱ्याच्या ज्या भोळेपणाचे गृहीत धरले होते ते टिकत नाही, एवढे निश्चित.

म्हणून मराठी ख्रिस्ती लेखनाने या विषयाची परिभाषाच बदलणे इष्ट होय. भाषांतरित ग्रंथातील शब्द आहे तसा राहील. परंतु उपदेशात व चिंतनात, देव्हारे माजविण्याच्या मराठी कल्पनेचा आधार घेतला तर दोन लाभ होतील. शेजाऱ्याच्या देवघराचा अधिक्षेप टळेल, आणि मूळ शब्दातील आभासाचा अर्थ मराठीत परत येईल. त्या अर्थाने पाहता, १८३४ मध्ये साताऱ्याच्या नारायणरावांना दिलेले उत्तर हा या चर्चेचा आरंभ होता, आणि १९१७ मध्ये त्याच साताऱ्यात एका ख्रिस्ती कवीने स्वतःच्या संस्थेबाबत उचललेले पाऊल ही तिची प्रौढावस्था. या दोहोंमधील त्र्याऐंशी वर्षांत प्रश्नाची दिशा बाहेरून आत वळली. त्यानंतरच्या शतकात मराठी ख्रिस्ती साहित्याने ती दिशा कितपत राखली, याचा पाळकीय प्रवचने, मंडळ्यांची नियतकालिके व आत्मचरित्रे यांच्या आधारे तपशीलवार शोध घेणे हे पुढील अभ्यासकांपुढील कार्य आहे.